अण्णांची बैठक

प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेली सूचना. मजकूर अण्णांचा:

*रॅक उभा करताना खालून वर जावे. उतरवताना वरून खाली यावे. मधल्या फळीला आधी हात लावू नये. घाई असेल तर हे काम करू नये.*

पाचवी फळी

फोन वाजला तेव्हा थोरल्या मुलाचे दोन्ही हात अण्णांच्या काखेत होते.

"हंऽऽ" असा आवाज काढून तो त्यांना उचलायच्या बेतात होता. दर वेळी काढायचा. अण्णांना फळीवर चढवणं म्हणजे प्रेस मशिन हलवणं असल्यासारखा. कामगार हसायचे आणि अण्णाही हसायचे.

"थांब," अण्णा म्हणाले. "आधी कोणाचा आहे ते बघू दे. मी वर गेल्यावर कोणी बोललेलं चालत नाही."

ते खरंच होतं. अण्णा फळीवर बसले की शेडमध्ये कोणी बोलत नसे. प्रेस बंद, वेल्डिंग बंद, कम्प्रेसरसुद्धा बंद. नव्या लॉटचा पहिला रॅक शेडच्या मधोमध उभा करायचा, कमरेच्या उंचीला एकच फळी लावायची, अण्णांनी तिच्यावर बसायचं आणि हातात चहाचा कप घ्यायचा. कप रिकामा होईपर्यंत फळी हलली नाही तर लॉट बाहेर जायचा. हलली तर सगळा लॉट पुन्हा. अण्णा तो चहा प्यायचे कमी, बघायचे जास्त. दुकानांसाठी रॅक, काउंटर, स्टँड आणि हुक बनवणाऱ्या या कारखान्यात बेचाळीस वर्षांत दुसरी कुठली परीक्षा झाली नव्हती. घरात तिला बैठक म्हणत, आणि बैठकीला घरातल्या प्रत्येकाने हजर राहायचं हा नियम होता.

आज फक्त चिमणी नव्हती. थोरल्याची ही मुलगी गेले पाच दिवस इथून सहा तासांच्या रस्त्यावरच्या शहरात होती. तिथल्या नव्या मोठ्या दुकानात तिच्या टोळीने आपलेच रॅक उभे केले होते आणि ते दुकान आज चार वाजता उघडणार होतं.

फोन धाकट्याचा होता. विक्री तो बघायचा, त्यामुळे फोन नेहमी त्याचाच असायचा. पलीकडे त्या दुकानाचा मॅनेजर होता.

"अहो, तुमच्या एका फळीने मान टाकली की!" आवाज आनंदी. मागे कुठेतरी फुगे फुगवायचा पंप चालू होता.

धाकटा बोलत बोलत दाराकडे गेला. "मान टाकली म्हणजे?"

"पुढून झुकली. पाचव्या ओळीत. कपडे धुण्याच्या लिक्विडचे कॅन होते, पाच-पाच किलोचे. पोरांनी बरोब्बर सोळा ठेवले होते. तुमच्या कॅटलॉगमध्ये फळीला ऐंशी किलो लिहिलंय, त्याच्यावर एक नाही. फुटलं-बिटलं काही नाही. एक फळी पाठवता का? नाहीतर तिथे फुगे लावून टाकतो."

"हुक खाचेत नीट बसला नसेल."

"तुमच्या इंजिनिअर बाई म्हणतात, त्यांनी स्वतः बसवला होता."

"दहा मिनिटांत फोन करतो."

फोन बंद केल्यावर धाकट्याच्या लक्षात आलं की आपण दाराची कडी धरून उभे आहोत.

दोघा भावांमध्ये आयुष्यात एकच गुपित होतं, आणि ते दीड मिलिमीटर जाड होतं. फळीला खालून धरणारा ब्रॅकेट पहिल्यापासून दोन मिलीच्या पत्र्याचा असायचा. या दुकानवाल्यांना रॅक हलके हवे होते, बारीक दिसणारे हवे होते, आणि लगेच हवे होते. धाकट्याने दीड मिली सुचवला. थोरला तीन दिवस नाही म्हणाला, चौथ्या दिवशी म्हणाला, "अण्णांना सांगायचं नाही. अण्णा बसतील. फळीच काय ते ठरवेल." दोन महिन्यांपूर्वी अण्णा बसले, चहा संपला, फळी हलली नाही. दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता.

"कोण रे?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. त्यांना एक फळी कमी पडलीय."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याने चहाच्या किटलीकडे पाहिलं.

चौथी फळी

"कमी कशी पडेल?" वहिनी म्हणाली.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. पॅकिंग आणि डिस्पॅच तिच्याकडे, म्हणून सगळा कारखाना तिला वहिनीच म्हणायचा. "मी स्वतः मोजून पाठवल्यात, भाऊजी. चार जास्तीच्या घातल्यात."

"मग सापडत नसतील त्यांना."

"मग शोधा म्हणावं. त्यात तुम्हाला घाम यायचं कारण काय?"

धाकटा हसला. वहिनीने ते हसू ओळखलं. विकायला निघालेला माणूस असा हसतो. घरातल्या माणसांसाठी त्याचं हसू वेगळं होतं.

पण आधी अण्णांची गोळी. सकाळी ती त्यांना खोकल्यासाठी दवाखान्यात घेऊन गेली होती. वजन करायची वेळ आली तेव्हा अण्णांनी तिला बाहेर पाठवलं. "सुनेसमोर काट्यावर उभा राहणार नाही. मी काय बटाट्याचं पोतं आहे?" त्यांनी बैठकीचा कोट घातला होता, तो जाडाभरडा, खाली ओघळलेला. त्या कोटाचे खिसे ती दोन वर्षं शिवत होती. दर बैठकीनंतर शिवण उसवलेली. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी, म्हणून कधी विचारलं नाही.

गोळी जेवणाआधी की नंतर, ते बघायला तिने डॉक्टरांची चिठ्ठी उघडली.

*वजन: ५१.*

तिने गोळी अण्णांच्या हातावर ठेवली, पाणी दिलं. मग पॅकिंगच्या टेबलाच्या खणातून बैठकीची वही काढली. वही का काढली, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. पहिलं पान अण्णांच्या अक्षरातलं होतं, शाई तपकिरी झालेली.

*मी बसलो. वजन ८२. फळी हलली नाही.*

त्यानंतर वजन कोणी लिहिलंच नव्हतं. एकोणीस वर्षं ती स्वतः लिहीत आली होती, पानामागून पान, एकच ओळ.

*अण्णा बसले. फळी हलली नाही.*
*अण्णा बसले. फळी हलली नाही.*
*अण्णा बसले. फळी हलली नाही.*

बोट ठेवून तिने शेवटची ओळ पाहिली. दोन महिन्यांपूर्वीची. आज चार वाजता जे दुकान उघडणार होतं, त्याच्याच लॉटची.

तिने चिमणीला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. धाकट्याने मघाशी फोनवर विचारलेलं "मान टाकली म्हणजे?" तिच्या कानात अजून होतं.

"आई, घाईत आहे गं."

"ती फळी कशी झुकली?"

"तुला कोणी सांगितलं? मॅनेजर तर काकांशी बोलला होता…" चिमणीचा आवाज खाली आला. "ब्रॅकेटचा हुक उघडलाय. वाकलेल्या नखासारखा. मी असलं कधी पाहिलं नाही."

"तू कुठे उभी आहेस?"

"त्याच ओळीत."

"तिथून बाहेर ये."

"का?"

का, ते वहिनीला अजून पुरतं माहीत नव्हतं. "आई सांगते म्हणून ये. लहान आहेस असं समज."

फोन खाली ठेवून ती शेडच्या मधोमध आली. थोरल्याने पुन्हा अण्णांच्या काखेत हात घातले होते.

"अण्णा, आज बसू नका."

"का गं? फळी ओली आहे?"

"अण्णा, तुमचं वजन एक्कावन्न आहे."

कम्प्रेसर आधीच बंद होता. तरी काहीतरी बंद पडल्यासारखं झालं.

तिसरी फळी

थोरल्याच्या हातांना हे दोन वर्षांपासून माहीत होतं.

तोंडाला माहीत नव्हतं, डोक्याला तर अजिबात नव्हतं. फक्त हातांना. पहिल्यांदा उचललं तेव्हा हातांनी मोठ्या वजनाची तयारी ठेवली होती, आणि अण्णा भसकन वर आले, भरलेली समजून उचललेली बादली रिकामी निघावी तसे. कामगार बघत होते. तेव्हा त्याने तो आवाज काढला. हंऽऽ. पुढच्या खेपेला अजून मोठा. हातांना कळत गेलं की आता आठ किलो कमी, आता बारा. बरगड्या एकेक मोजता येतात. पत्र्याच्या जाडीतला केसाएवढा फरक त्याच्या अंगठ्याला समजायचा. बापाच्या अंगातला फरक समजला नाही, असं कसं म्हणणार?

"सकाळी कोटासकट मोजलंय," अण्णा म्हणाले. "दवाखान्याचे काटे काय, आपल्याच गिऱ्हाइकांचे असतात. खोटे." विनोद पडला. कोणी उचलला नाही.

"फळी झुकलीय," वहिनी म्हणाली. "हुक उघडलाय. कमी-बिमी काही पडलेली नाही. भाऊजी, बोला."

"एक फळी, वहिनी! हजारात एक. त्याच्यावरून काय—"

"चिमणी तिथे उभी आहे."

धाकट्याने भावाकडे पाहिलं. इतके दिवस दोघे एका बाजूला होते. आत्ता, या घटकेला, कोण आधी सरकणार एवढंच उरलं होतं.

"ब्रॅकेट दीड मिलीचा आहे," थोरला म्हणाला.

अण्णांनी मान वर केली. "कुठला?"

"त्या दुकानाचा. आणि हाही."

"दीड?"

"दीड."

अण्णा समोरच्या रॅकपाशी गेले. वाकले. अंगठा आणि तर्जनीमध्ये ब्रॅकेटची कड धरली, सोडली, पुन्हा धरली. "आणि मी त्याच्यावर बसून चहा प्यायलो," ते म्हणाले. "पास करून दिला."

"आम्ही म्हटलं, कमजोर असता तर तुम्ही बसल्यावर कळलंच असतं," धाकटा म्हणाला. "तुमच्यावर विश्वास ठेवला, अण्णा."

"विश्वास! पोरांनो, पत्रा बदलला हे मला सांगायला काय झालं होतं?"

"आणि तुम्ही एक्कावन्न झालात हे आम्हाला सांगायला?" धाकटा एकदम ओरडला, आणि ओरडल्यावर स्वतःच मागे सरकला.

उत्तर थोरल्याने दिलं, खाली बघत. "याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" वहिनीने विचारलं.

"मीच उचलतो ना त्यांना."

"अहो, मग एका शब्दाने—"

"सांगितलं असतं तर यांनी बसायचं सोडलं असतं. आणि बसायचं सोडलं असतं तर…" पुढचं वाक्य त्याने दोन वर्षं स्वतःलाही म्हणू दिलं नव्हतं. आत्ताही त्याला ते जमलं नाही.

त्याऐवजी तो वळला, रॅकला पाठ लावली, तळहात मागे टेकले आणि फळीवर चढून बसला. त्याचं वजन चौऱ्याऐंशी. "चहा द्या," तो म्हणाला.

वहिनीने कप भरून दिला. सगळे चहाकडे बघत राहिले.

अर्धा मिनिट काही झालं नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. एक मिनिट. थोरल्याने एक घोट घेतला.

मग कपातला चहा पुढच्या कडेला चढलेला दिसला. कप त्याने सरळच धरला होता. तोच पुढे झुकत चालला होता, आवाज न करता, आणि त्याला स्वतःला ते कळत नव्हतं.

"उतरू?" सगळ्यांचे चेहरे बघून त्याने विचारलं.

"कप संपला?" अण्णा म्हणाले.

"नाही."

"मग बस."

चहा कडेवरून सांडला. पहिला थेंब फरशीवर पडला, दुसरा पडला, आणि डावा हुक खाचेतून सुटला. फळी, थोरला आणि कप, तिन्ही एकदम खाली आले. तो आवाज शेडच्या पत्र्यांवर आपटून परत आला. थोरला गुडघ्यांवर पडला होता. लागलं नव्हतं. पण तो उठेना.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसरी फळी

"चिमणे, तुझ्या खिशात कार्ड आहे का? कुठलंही?"

"आहे, बाबा. का?"

"ब्रॅकेटचा हुक आणि खांबाची खाच, यांच्यामध्ये घालून बघ. वरच्या बाजूने. जाता कामा नये."

"थांबा." चिमणी पाचव्या ओळीत परत शिरली होती. आईने बाहेर यायला सांगितलं, म्हणून ती बाहेर गेली होती. आता बाप आत जायला सांगत होता. "नाही जात. … नाही जात. … बाबा, इथे गेलं."

"किती?"

"अर्धं. … इथे पण. इथे पूर्ण गेलं." ती हळू चालत होती. तिला स्वतःच्या बुटांचा आवाज येत होता. दोन्ही बाजूंना तिच्या डोक्यावर हातभर उंचीपर्यंत कॅन होते, निळे, सगळ्यांची नावं पुढे, एका रेषेत. ती रेष काल रात्री तिने दोरी धरून तपासली होती. आता एक डोळा मिटून पाहिलं तर मधोमध ती किंचित हसल्यासारखी वाकली होती. "बाबा, सगळी ओळच…"

"बाकीच्या जड ओळी?"

"तीन, चार, पाच, सहा. चौघींत जड माल आहे."

"चौघींत बघ. पळत नको. रॅकला धक्का लागता कामा नये."

तिसऱ्या ओळीत दुकानाच्या पोरी माल पुसत होत्या. त्यातली एक खालच्या फळीवर पाय देऊन वरचा कॅन सरळ करत होती. चिमणीने काही न बोलता तिला कमरेला धरलं आणि खाली उतरवलं. पोरगी हसली. "काय झालं, ताई?"

"काही नाही. तुम्ही सगळ्या जरा बाहेर जाऊन चहा प्या."

काचेच्या दारापलीकडे माणसं जमली होती. एका बापाच्या खांद्यावर बसलेली लहान मुलगी काचेला हात लावून आतले फुगे मोजत होती. चिमणी त्या मुलीकडे बघत उभी राहिली आणि फोनमध्ये म्हणाली, "बाबा, तिसऱ्या ओळीत बारा ठिकाणी गेलं. मी मोजायचं थांबवलं."

पहिली फळी

"मॅनेजरला मी फोन करतो," धाकटा म्हणाला. "सांगतो की माल थोडा कमी ठेवा. सोळाऐवजी दहा. डिझाइनचा सल्ला म्हणून."

"आणि उघडलेले हुक?" वहिनीने विचारलं.

"संध्याकाळी बघू. दुकान बंद झाल्यावर."

"संध्याकाळपर्यंत तिथे कोण कोण फिरेल, भाऊजी?"

"मग काय करू? वहिनी, एकदा तोंडातून निघालं की आपली फळी पडते, तर संपलं! त्यानंतर या घराचा एकही रॅक जगात कोणी उभा करणार नाही. हे समोर उभे आहेत ते अठ्ठावीस लोक घरी जातील. दादा, तू तरी सांग."

थोरला अजून फरशीवरच होता. "मला विचारू नको," तो म्हणाला. "मी आता मोजण्यातला माणूस राहिलो नाही."

अण्णांनी हात पुढे केला. "फोन."

"अण्णा, तुम्ही नका—"

"रॅक आपणच उभा केलाय ना? मग खाली तरी आपल्या हाताने येऊ दे. आण."

अण्णांना भीती वाटत होती. फोन कानाला लावताना ती त्यांना स्वच्छ कळली, कारण बेचाळीस वर्षांत फळीवर बसताना ती कधीच वाटली नव्हती. बसायच्या आधी माणसाने थोडं घाबरायला हवं होतं. ते आपण विसरलो होतो.

"बोला, बोला," मॅनेजर म्हणाला. "फळी निघाली का?"

"मी कारखान्याचा मालक बोलतोय. दुकान उघडू नका."

पंप थांबला. "काय म्हणालात?"

"तीन ते सहा, या ओळींतल्या माझ्या फळ्या ऐंशी किलो पेलत नाहीत. आम्ही आत्ता बसून पाहिलं. पडली."

"बसून? म्हणजे बसून पाहिलं?"

"ते नंतर सांगतो. माल उतरवा. आमच्या मुलीच्या हाताखाली तुमची माणसं द्या."

"अहो, बाहेर तीनशे लोक आहेत! फीत कापायला पाहुणे येतायत. तुमची फळी पडेल की पडणारच, ते तरी नक्की सांगा."

"तुमच्या आई आहेत?"

"आहेत. इथेच आल्यात, उद्घाटनाला. का?"

"त्यांना तिसऱ्या ओळीत स्टूल टाकून बसवा. आणि मग दार उघडा."

मग मॅनेजर दुसऱ्याच कोणाला तरी म्हणाला, दबक्या आवाजात, "शटर खाली घे. हो, आत्ता."

चिमणीने फोन शर्टाच्या खिशात ठेवला, चालूच. पलीकडे शेडमध्ये सगळे वहिनीच्या हातातल्या फोनभोवती उभे राहिले. आवाज यायचे आणि त्यांतून ओळखायचं. कॅन हातावर घेतल्याचा. कॅन फरशीवर टेकल्याचा. "वरून! दादा, वरून काढा!" हा चिमणीचा. कोणीतरी विचारत होतं, आधी हातापुढचं काढलं तर काय बिघडेल. "वरचं वजन अंगावर येईल. खोक्यावर लिहिलंय, वाचता येत नाही का?" अण्णांनी डोळे मिटून घेतले. ती सूचना आजपर्यंत कोणी मोठ्याने म्हटलेली त्यांनी ऐकली नव्हती.

तिसरी ओळ झाली. चौथी झाली. वहिनी पदर तोंडाशी धरून उभी होती. धाकटा लांब, दाराशी जाऊन उभा राहिला होता. मग परत आला. मग पुन्हा गेला. पाचवी झाली. घड्याळात चारला आठ मिनिटं.

मग फोनमधून असा आवाज आला की फोन वहिनीच्या हातातून पडला. एक नव्हता, एकामागून एक, खाली खाली जाणारा, आणि त्याच्या शेवटी काहीतरी घरंगळत राहिलं.

"चिमणे!" थोरला फरशीवरून उठला.

घरंगळणं थांबलं.

"चिमणे! अगं बोल!"

कोणीतरी खोकलं. पाण्यासारखं काही ओतल्याचा आवाज. खूप लांबून कोणीतरी नाव घेत होतं. त्या मिनिटात धाकट्याच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "मी, मी, मी", आणि पुढचा येत नव्हता.

"आई?"

"बोल गं, बोल!"

"सहावी ओळ. शेवटचा रॅक. अख्खा खाली आला. सगळीकडे लिक्विड… पाय घसरतोय. कोणाला काही नाही. तिथे कोणी नव्हतं." ती दम घेत होती. "मी होते. पण एक पाऊल बाजूला."

तळ

सव्वापाचला कामगार घरी गेले. उद्या यायचं का, असं कोणी विचारलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

धाकट्याने ट्रक मागवला होता. तिथले सगळे ब्रॅकेट काढून आणायला तो स्वतः जाणार होता. निघताना अण्णांच्या पायांशी वाकला. मग गेला.

वहिनीने वही उघडली. लिहायला तर हवंच होतं. *थोरले बसले,* तिने लिहिलं. पेन थांबलं. *फळी पडली.* असं वाक्य त्या वहीत पहिल्यांदाच आलं होतं आणि तिचं अक्षर तिलाच ओळखू येईना.

"माझं वजन लिही," अण्णा म्हणाले. "पहिल्या पानावर आहे तसं."

"सकाळचं लिहू? एक्कावन्न?"

"नको. ते खोटं आहे."

ते पॅकिंगच्या टेबलाकडे चालत गेले. तिथे पार्सलचा काटा होता, जमिनीलगतचा, लोखंडी. रोज दीडशे खोकी त्याच्यावर चढत आणि उतरत. बैठकीच्या जागेपासून दहा पावलांवर. बेचाळीस वर्षांत त्याच्यावर अण्णांना उभं करावं, असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. अण्णांच्याही.

ते वर चढले. आकडे लाल रंगात धावले आणि थांबले. *५१.२*

मग अण्णांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि एक नट बाहेर काढला. मोठा, अठरा नंबरच्या पान्याचा. टेबलावर ठेवला. मग दुसरा. मग मूठभर. उजवा खिसा झाला, डावा झाला, आतला झाला. प्रत्येक मुठीबरोबर आकडा खाली येत होता. पन्नास. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. वहिनी टेबलावरच्या ढिगाकडे बघत होती आणि तिला दोन वर्षं शिवलेले खिसे आठवत होते.

"मला वाटायचं, तेवढ्याने भागेल," अण्णा म्हणाले. "थोडंच तर कमी झालं होतं, सुरुवातीला."

शेवटचा नट अस्तरात अडकला होता. तो निघाल्यावर काटा थांबला.

वहिनी पार्सलची वजनं रोज मोठ्याने सांगायची, समोरच्याने लिहून घ्यावीत म्हणून. आज लिहायचंही तिलाच होतं. तरी सवयीने ती मोठ्यानेच म्हणाली. "सेहेचाळीस पूर्णांक नऊ."

"लिही."

तिने लिहिलं.

अण्णा खाली बघत होते. काट्याची पायरी एक वीत उंच होती, आणि चढले तरी आता त्यांना ती उतरता येईना. "अरे," ते म्हणाले, कोणाकडेही न बघता.

थोरला पुढे आला. दोन्ही हात काखेत घातले आणि त्यांना उचलून जमिनीवर ठेवलं. त्याने आवाज काढला नाही.